पॅनफिशसाठी फ्लाय बांधताना: रूप नंतर, आधी दोरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लाय, म्हणजे गळावर दोऱ्याने पिसं-लोकर बांधून केलेला नकली किडा, ती बांधायचं किट आणलं, त्यातल्या पुस्तिकेत बघून सात प्रकारच्या फ्लाय एकेक करून बांधल्या, तळ्यावर गेलात. ब्लूगिल मासे लागले, पण दुसऱ्या-तिसऱ्या माशालाच फ्लाय उसवली. एकीचं शेपूट गेलं, दुसरीचं पीस सुटून लोंबायला लागलं. आता कोणतं सामान वाढवावं, कोणत्या फ्लायपासून सुरुवात करावी आणि हात बसायला किती वेळ लागतो, असं विचारलंय.

‘मासे लागले’ हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण निम्मं उत्तर तिथेच आहे. तुमच्या फ्लाय वाकड्यातिकड्या होत्या हे तुम्हीच म्हणताय, तरी माशाने त्या तोंडात घेतल्या. म्हणजे रूपाची काळजी इतक्यात नको. पॅनफिश रूपाकडे काणाडोळा करतात, सैल दोऱ्याकडे मात्र करत नाहीत. म्हणून सामान वाढवू नका. उलट किटमधलं बरंचसं उचलून कपाटात ठेवा. पुढचे दोन महिने ते लागणार नाही.

फ्लाय बांधायच्या आधी ती कोणाच्या तोंडात जाणार आहे ते पाहू. पॅनफिश ही माशाची एक जात नव्हे. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत आणि संथ नद्यांत मिळणाऱ्या, तळायच्या पॅनमध्ये अख्ख्या मावतील अशा छोट्या माशांचं ते सरसकट नाव आहे. ब्लूगिल, पंपकिनसीड, रेडइअर हे सनफिश, शिवाय क्रॅपी आणि यलो पर्च. त्यातल्या ब्लूगिलचं तोंड अंगाच्या मानाने फारच लहान असतं. तो फ्लायवर झडप घालत नाही. जवळ येतो, चार बोटांवर थांबतो, न्याहाळतो, मग तोंड उघडून पाण्यासकट ती आत ओढतो. आवडली नाही तर क्षणात थुंकतो. या एका सवयीतून तीन गोष्टी निघतात. फ्लाय छोटी हवी, नाहीतर तोंडात मावत नाही. ती हलकी हवी, म्हणजे ओढलेल्या पाण्याबरोबर आत जाते. आणि ती मऊ हवी, म्हणजे थुंकायच्या आधी अर्धा क्षण जास्त टिकते. किड्याच्या पोटावर किती रेघा आहेत हे यात कुठेच येत नाही.

सामानाचं लवकर आटोपते. व्हाइस, म्हणजे गळ पकडणारा छोटा शेगडा, किटमधलाच चालेल, फक्त दोरा ओढल्यावर गळ खाली घसरता कामा नये. टोकदार कात्री एक, आणि ती फक्त दोरा आणि पिसांसाठी. तार कापायला दुसरी, जुनीपुराणी. दाभण हवंच, ते नसेल तर जाड सुई बुचात खोचून घ्या. व्हिप फिनिशर हे शेवटची गाठ मारायचं वाकड्या तारेचं हत्यार, सुरुवातीला ते गोंधळात टाकतं पण दहा मिनिटांत जमतं. बॉबिन, म्हणजे दोऱ्याची रीळ धरणारी नळी, मात्र नीट पारखून घ्या. स्वस्त बॉबिनच्या धातूच्या नळीच्या तोंडाशी बारीक कूस राहिलेली असते आणि ती दोरा कापते. नवशिका बिचारा समजतो की आपला हात जड आहे. नळीच्या तोंडावरून नायलॉनच्या मोज्याचा तुकडा फिरवून बघा. धागा अडकला तर नळी बदला.

गळाच्या भागांची नावं एकदा ठरवून घेऊ, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. दोरा ओवायचं भोक ते नेढं, सुईसारखंच. सरळ भाग ती दांडी, मागचं वळण तो वाक, टोकाजवळचा उलटा काटा ती अटक. टोक आणि दांडी यांच्यामधल्या मोकळ्या जागेला मी फट म्हणते. गळाच्या नंबरांचं गणित उलटं असतं, नंबर जितका मोठा तितका गळ लहान. ब्लूगिलसाठी 10 नंबर घ्या. 14 नंबरवर मासे जास्त लागतात हे खरं, पण तो गळ ते घशापर्यंत गिळतात आणि मग सोडवताना माशाचे हाल होतात. 10 नंबर बहुतेक ओठातच अडकतो. आणि अटक आधीच पकडीने दाबून टाका, फ्लाय बांधून झाल्यावर नव्हे. दाबताना एखादा गळ तुटतो. तो वीस मिनिटांच्या मेहनतीनंतर तुटण्यापेक्षा आधी तुटलेला बरा.

आता दोरा. तुमचं घोडं इथेच पेंड खातंय, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

दोऱ्याच्या रिळावर 6/0, 8/0 असे आकडे असतात. त्यांच्यावर फार विसंबू नका, एका कंपनीचा 6/0 दुसऱ्या कंपनीच्या 6/0 पेक्षा दुप्पट जाड असू शकतो. डेनियरचा आकडा बघा. 9000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, त्यामुळे तो सगळीकडे एकाच अर्थाचा. 140 डेनियरची एक काळी रीळ घ्या. पुढे बारीक कामाला 70 डेनियर लागेल, पण तो तुमच्या हातात आज तटातट तुटेल.

पहिल्या संध्याकाळी फ्लाय बांधूच नका. व्हाइसमध्ये उघडा गळ लावा, दोरा सुरू करा आणि तो मुद्दाम तोडा. बॉबिन हळूहळू खाली ओढत जा. दांडी किंचित वाकते, दोरा ताणून तारेसारखा होतो, मग तुटतो. पुन्हा सुरू करा, पुन्हा तोडा. दहा वेळा. दहाव्या वेळेपर्यंत बोटांना कळायला लागतं की तुटण्याच्या अगदी अलीकडे ओढ कशी लागते. फ्लाय बांधायची ती त्या ओढीला. नवशिके साधारण त्याच्या निम्म्यानेच ओढतात, कारण दोरा तुटायची धास्ती असते. दोरा तुटलेला निदान दिसतो. सैल वेढा बांधताना दिसत नाही, तो तळ्यावर दिसतो.

दुसरी गोष्ट पिळाची. दर वेढ्यागणिक दोऱ्याला एकेक पीळ पडत जातो आणि दोरा गोल, टणक होतो. गोल दोऱ्याचे वेढे एकमेकांवर चढतात, गाठोडं होतं. बॉबिन हातातून सोडून लोंबती ठेवा आणि वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. उजव्या हाताने बांधत असाल तर पीळ उलगडतो आणि दोरा फितीसारखा चपटा पसरतो. चपटा दोरा दांडीला अंग लावून बसतो. उलट, काहीतरी अगदी एका जागी आवळायचं असेल तेव्हा तोच दोरा पिळून घ्यायचा. नळीतून बाहेर दोरा दोन-तीन सेंटीमीटरच ठेवा. हातभर लांब ठेवलात की वेढा कुठे पडतोय यावर ताबा राहत नाही.

तिसरी गोष्ट चिमटीतला वेढा. पिसं किंवा लोकर दांडीच्या डोक्यावर बसवायची असते, पण दोरा आवळला की ती दोऱ्याबरोबर फिरून पलीकडच्या बाजूला जाते. यावर उपाय असा: डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीच्या चिमटीत पिसं आणि दांडी एकत्र धरायची. दोरा वर नेऊन चिमटीत सरकवायचा, पलीकडून सैल फास खाली आणायचा, तोही चिमटीतच, आणि मग सरळ खाली ओढायचं. चिमटी सोडायची नाही. असे दोन वेढे झाले की मगच बोटं काढून बघायचं. लिहिताना लांबण लागली, करायला दोन सेकंद लागतात.

एवढं जमलं की पहिली फ्लाय. माझं मत विचाराल तर ती छोटी वुली बगर. पेन्सिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी 1967 च्या सुमारास ही फ्लाय बांधली. त्यांना डॉब्सनफ्लाय या किड्याच्या अळीची नक्कल करायची होती. मासे मात्र तिला अळी समजतात, जळू समजतात, बेडकाचं पिल्लू समजतात, छोटा मासा समजतात. ‘नेमकं काहीच नाही आणि थोडं थोडं सगळंच’ असा हिचा कारभार आहे, आणि ब्लूगिलला तो पटतो. मूळ फ्लायमध्ये माराबूचं शेपूट, शेनीलचं अंग आणि अंगभर गुंडाळलेलं हॅकल, म्हणजे कोंबड्याच्या मानेचं वा पाठीचं पीस, असं असतं. पहिल्या डझनभर फ्लायमध्ये हॅकल गाळा. त्याचं कारण पुढे येईल.

अटक दाबलेल्या 10 नंबरच्या लांब दांडीच्या गळात आधी पितळी मणी ओवा, सुमारे 3 मिलिमीटरचा. मण्याचं लहान भोक नेढ्याकडे, मोठं मागे. टंगस्टनचा मणी घेऊ नका. त्या आकाराला तो फार जड पडतो, फ्लाय दगडासारखी बुडते आणि ब्लूगिलला न्याहाळायला वेळच मिळत नाही. नाकापेक्षा मोती जड ही म्हण इतकी शब्दशः लागू पडायची वेळ क्वचित येते.

दोरा मण्यामागे सुरू करून वाकापर्यंत एकाला एक लागून वेढे घालत न्या. दोऱ्याचं हे अस्तर नुसत्या दिसण्यासाठी नसतं. गुळगुळीत धातूवर पिसं फिरतात, दोऱ्यावर फिरत नाहीत.

माराबू म्हणजे हल्ली टर्कीचं मऊ, भुरभुरतं पीस. पूर्वी ते माराबू करकोच्याचं असायचं, नाव तिथलंच उरलंय. कोरडं माराबू हातात घेतलं की कापसासारखं उडतं, नाकात जातं. बोटं ओली करून ते एकदा चेपून घ्या, मग त्याची खरी जाडी दिसते, म्हणजे पाण्यात दिसेल तेवढी. ओलं केल्यावर काडेपेटीतल्या काडीएवढं जाड झालं तर पुरे. शेपटाची लांबी दांडीच्या निम्मी. पुस्तिकेत दांडीएवढी सांगितलेली असते. ते ट्राउट आणि बास या माशांसाठी ठीक आहे, पण ब्लूगिल लांब शेपटाचं टोक धरून कुरतडत बसतो आणि गळ तोंडाबाहेरच राहतो. लांबी जास्त झाली तर कात्री लावू नका. कात्रीने टोकं बोथट होतात, केरसुणीसारखी दिसतात आणि हलतही नाहीत. टोकं नखाच्या चिमटीत धरून तोडा.

तुमचं शेपूट का गेलं ते आता सांगते. बहुधा तुम्ही माराबू वाकाजवळ सात-आठ वेढ्यांनी बांधलं आणि उरलेलं तिथेच कापलं. म्हणजे पकड जेमतेम दोन मिलिमीटरची. त्याऐवजी माराबूचा उरलेला भाग दांडीवर आडवा ठेवून थेट मण्यापर्यंत दोऱ्याने बांधत या आणि तिथे कापा. आता शेपूट अख्ख्या दांडीवर धरलेलं आहे. शिवाय खाली अंगाला सारखी जाडी येते, खड्डे-उंचवटे राहत नाहीत. एका वेढ्याचंही जास्त काम नाही, दोरा तसाही पुढे आणायचाच असतो.

शेनीलचं नाव फ्रेंचमधल्या सुरवंटावरून आलंय आणि ती दिसतेही तशीच. मध्ये दोन धाग्यांचा पीळ आणि भोवती लव. ती सरळ बांधली तर मागे टेंगूळ येतं. टोकाची चार मिलिमीटर लव नखाने ओढून काढा, आतले दोन धागे उघडे पडतील. बांधायचे ते हे धागे. वाकाशी बांधून दोरा पुढे मण्यापाशी न्या, मग शेनील एकाला एक लावत पुढे गुंडाळा, वेढ्यांत फट नको आणि वेढ्यावर वेढाही नको. मण्यामागे चार घट्ट वेढ्यांनी धरा, कापा, आणि व्हिप फिनिश. साध्या अर्धगाठी मारून काम भागवण्याचा मोह होईल. त्या सुटतात. व्हिप फिनिशमध्ये दोऱ्याचं टोक त्याच्याच पाच-सहा वेढ्यांखाली दबतं, म्हणून ते जागचं हलत नाही. शेवटी दाभणाच्या टोकावर घेऊन लाखेचा, म्हणजे गाठ पक्की करणाऱ्या पातळ वार्निशचा, बारीकसा थेंब. थेंब म्हणजे थेंबच.

इथे माझीच एक फजिती सांगते. सुरुवातीला मी मणी न घालता बांधायचे आणि नेढ्यापर्यंत लोकर ठासायचे, वर लाखेचा राप. घरी फ्लाय छान चकचकीत दिसायची. संध्याकाळी पाण्यावर मासे वर यायला लागले, उजेड जेमतेम, आणि टिपेट, म्हणजे दोरीच्या टोकाचा बारीक धागा, काही केल्या नेढ्यात जाईना. सहा फ्लाय बघितल्या, सहाही बुजलेल्या. मग एका झुडपाचा काटा मोडून नेढं कोरत बसले. तोवर अंधार झाला आणि मासेही गेले. तेव्हापासून दांडी नेढ्यामागे निदान दोन नेढ्यांएवढी मोकळी ठेवायची हा माझा नेम आहे. लाख ओली असतानाच एक टाकाऊ पीस नेढ्यातून ओढून काढायचं, म्हणजे भोक साफ राहतं. मण्याचा एक फायदा हाही की तो ही जागा आपोआप राखतो.

आता हॅकल का गाळायचं ते. ते गुंडाळणं अवघड नाही, टिकवणं अवघड आहे. पिसाचा देठ नाजूक असतो. ब्लूगिलचे दात बारीक, पण खरखरीत. एका जागी देठ तुटला की सगळं पीस उलगडतं, तुमचं लोंबणारं पीस ते हेच. यावर उपाय तांब्याच्या बारीक तारेचा. सुरुवातीला वाकाशी तारही बांधून ठेवायची. अंग झाल्यावर हॅकल मण्यामागे बांधायचं, मोकळे वेढे देत मागे वाकापर्यंत न्यायचं, आणि तार त्याच्या उलट दिशेने फिरवत पुढे आणायची. तार प्रत्येक वेढ्यात देठाला ओलांडते आणि जागोजाग दाबते. मग देठ एका जागी तुटला तरी बाकीचं पीस तारेखाली अडकून राहतं. तार ओढताना दाभणाने पिसाचे केस हलवत राहा, नाहीतर निम्मे केस तारेखाली दबून जातात. हे तेराव्या फ्लायपासून.

दुसरी फ्लाय लोकरीचा किडा. याची गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडातल्या एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांनी ग्रेलिंग माशासाठी एक फ्लाय बांधली, तिचं नाव किलर बग. साहित्य दोनच, तांब्याची तार आणि मोजे रफू करायची लोकर. दोरासुद्धा नाही, तारच दोऱ्याचं काम करते. त्यांनी वापरलेली लोकर चॅडविक कंपनीची 477 नंबरची होती. ती पुढे बंद झाली आणि लोक तिच्या जुन्या गुंड्या हुडकत फिरायला लागले, कारण म्हणे ओली झाल्यावर तिला जी गुलाबी झाक येते ती दुसरीला येत नाही. येत नसेलही. ब्लूगिलसाठी मी विणकामातून उरलेली कुठलीही करडी, बदामी किंवा शेवाळी लोकर वापरते आणि आजवर एकाही माशाने नंबर विचारलेला नाही. दांडीवर तारेचा एक थर, वर लोकर मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळती, मागच्या टोकाला तारेने बांधून टाकायची. तुम्ही खुशाल दोरा वापरा, पुढे व्हिप फिनिश मारता येते. यात कौशल्य एवढंच की लोकर जाड असेल तर तिचे पदर सोडवून एकच पदर घ्यायचा. थंड पाण्यात, मासे तळाशी मंदावलेले असताना ही फ्लाय बगरपेक्षा चांगली चालते. शिसाची तार मात्र टाळा. शिशाचे तुकडे गिळून लूनसारखे पाणपक्षी विषबाधेने मरतात, आणि बऱ्याच ठिकाणी लहान शिशाच्या वजनांवर बंदीही आहे.

तिसरी फोमचा कोळी, आणि सगळ्यात जास्त मजा हिच्यात. उन्हाळा लागायच्या सुमारास पाणी साधारण 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ब्लूगिल काठाजवळच्या उथळ पाण्यात येतात. नर शेपटीने रेती उडवून ताटलीसारखे गोल खळगे करतात, एकाला एक लागून अशी वसाहतच असते, आणि प्रत्येक जण आपापल्या खळग्यावर पहारा देतो. तेव्हा वरून पडलेलं काहीही ते सहन करत नाहीत. (म्हणूनच तेव्हा हात आवरता घ्या. खळग्यावरचा नर उचलला की अंडी उघडी पडतात. मी तेव्हा वसाहतीच्या कडेकडेनेच टाकते.) कोळी पाण्यावर टपकन पडला की लगेच ओढू नका. वर्तुळं विरू द्या. रबरी पाय आपोआप थरथरत राहतात. खालून एक गडद सावली वर येते, थांबते, तुम्ही श्वास धरून बसलेले असता, आणि मग ‘पुच्’ असा मुका घेतल्यासारखा आवाज होतो. तो आवाज ऐकला की माणूस पुन्हा कधी नुसता दोरा-पिसांचा विचार करू शकत नाही.

बांधायला सोपी, फसायच्या जागा मात्र तीन. पहिली, फोम 2 मिलिमीटर जाडीचा, बंद छिद्रांचा घ्या. पाणी शोषणारा स्पंज नको. पट्टी फटीएवढी रुंद कापा, त्याहून रुंद नको. दुसरी, पहिला वेढा आवळला की दोरा फोमला चिरतो. म्हणून पहिले दोन वेढे नुसते टेकवायचे, तिसऱ्यापासून हळूहळू आवळत जायचं. बारीक दोरा लगेच चिरतो, 140 डेनियर इथे कामी येतो. तिसरी, फोम दांडीभोवती गरगर फिरतो. फोम ठेवण्याआधी दोऱ्याच्या अस्तरावर झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा एक ठिपका लावा. फोम दांडीच्या डोक्यावरच बसला पाहिजे. तो खाली फटीत उतरला की मासा चावतो, तुम्ही ओढता आणि हातात काहीच येत नाही, कारण टोकाला लागायला जागाच उरलेली नसते. नवशिक्यांच्या ‘मासे चावतात पण लागत नाहीत’ या तक्रारीमागे अर्ध्या वेळा हेच असतं. पाय दोन्ही बाजूंना एकेक, मधोमध बांधलेले, म्हणजे इंग्रजी एक्ससारखे चार फाटे होतात. पाठीवर भडक रंगाचा छोटा तुकडा लावा. तो माशासाठी नाही, तुमच्या डोळ्यांसाठी.

क्रॅपीबद्दल विचारलं नव्हतंत, पण त्याच तळ्यात तेही असतील म्हणून दोन शब्द. क्रॅपीचं तोंड मोठं आणि ओठ कागदासारखे पातळ, जोरात झटका दिला की फाटतात. ते लहान मासे खातात, त्यामुळे 8 नंबरची पांढरी किंवा पोपटी बगर, इथे शेपूट दांडीएवढं लांब ठेवलेलं चालेल. क्रॅपी आपल्या वरच्या पाण्यावर नजर ठेवून असतात, खाली पडलेल्या गोष्टीमागे सहसा जात नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी फ्लाय आणखी हलकी, मणीसुद्धा नको असं कधीकधी होतं.

रंगांबद्दल भरपूर वाद घालता येतो, मी घालत नाही. काळा, शेवाळी, पांढरा. गढूळ पाण्यात आणि कातरवेळी काळा, कारण आकाशाच्या उजेडावर त्याची आकृती ठळक दिसते. एवढ्यावर माझी बरीच वर्षं गेली आहेत.

तळ्यावर जायच्या आधी प्रत्येक नव्या फ्लायची काचेच्या उंच पेल्यात परीक्षा घ्या. पाणी भरा, फ्लाय बोटांनी पाण्याखाली दाबून हवेचे बुडबुडे काढा आणि सोडा. बगर मण्याच्या बाजूने किंचित झुकून, सावकाश उतरली पाहिजे. तळाशी टेकल्यावर पेल्याला टिचकी मारा, शेपूट हललं तर माराबू ठीक आहे, गोळा होऊन बसलं तर जास्त झालंय. फोमचा कोळी कलंडून पोट वर करत असेल तर फोम एका बाजूला सरकलाय. मग दुसरी परीक्षा: शेपूट धरून ओढा. संकोच न करता, मासा ओढेल तसं. सुटलं तर इथे सुटलं.

सुटलेली किंवा फसलेली फ्लाय फेकू नका. दाढीच्या ब्लेडने दांडीवर उभा छेद देऊन सगळं उतरवता येतं, गळ पुन्हा वापरता येतो. पण ब्लेड लावण्याआधी ती एकदा उलगडून बघा, शेवटच्या गाठीपासून मागे मागे. कुठेतरी एक वेढा नुसता ठेवलेला सापडेल, किंवा पिसं दोऱ्याखाली न येता बाजूला सरकलेली. माझा अंदाज आहे की तुमच्या सातही फ्लायमध्ये तो वेढा साधारण एकाच जागी असेल, कारण हाताची खोड एकच असते.

राहिला प्रश्न हात बसण्याचा. त्याला दिवसांचा हिशेब नाही, डझनांचा आहे. सात प्रकार एकेकदा बांधलेत, तिथे चूक झाली. प्रत्येक फ्लाय ही तुमची पहिलीच फ्लाय होती. त्यापेक्षा एकच बगर, एकाच नंबरच्या गळावर, एकाच रंगात, ओळीने बारा बांधा. एका बैठकीत सगळ्या नकोत, तीन-चार दिवसांत बांधा. बांधतील तशा एका बुचाच्या पट्टीवर ओळीने टोचत जा. चौथ्या-पाचव्याला शेपटाची लांबी सारखी येऊ लागेल, सातव्या-आठव्याला एक पुन्हा बिघडेल कारण तुम्ही घाई केलेली असेल, आणि दहाव्याला लक्षात येईल की पुस्तिका उघडलेलीच नाही. मग पट्टी घेऊन तळ्यावर जा. पहिली आणि बारावी शेजारी ठेवून बघा, आणि पाण्यात आधी पहिली टाका. वाकडी असली तरी ब्लूगिल तिच्यावर येतील. त्यांनी तिची पिसं उपटली की मग बारावी काढा.